उलटी तुरपाई

मी खोटारडी नाही. हे आधीच सांगून टाकते, कारण माझं म्हणणं ऐकून घेण्याआधीच लोकांनी निकाल देऊन टाकायचा, असा आजवरचा रिवाज आहे. शाळेतल्या बाई म्हणायच्या, आत्ता माझ्यासमोर बोललीस आणि आत्ताच नाही म्हणतेस? हॉस्टेलची वॉर्डन म्हणायची, देवश्री, गेट ओलांडून गेलीस ते मी डोळ्यांनी पाहिलं. जिथे नोकरी केली तिथले साहेब म्हणायचे, फोनवर कबूल केलंस आणि आता हात वर करतेस? सगळे खरं बोलत होते. मीही खरं बोलत होते. पण दोघंही खरे असू शकतात हे कुणाच्या डोक्यात येत नाही, आणि मग ज्याची बाजू कमजोर तो खोटा ठरतो.

लोक मला समजूतदारपणे ‘विसरभोळी’ही म्हणत. ते तर मला जास्त झोंबायचं. विसरणं वेगळं असतं हो. विसरलेली गोष्ट कुणी सांगितली की माणूस कपाळाला हात लावून ‘अरे हो!’ म्हणतो. माझ्या बाबतीत ते ‘अरे हो’ कधीच यायचं नाही. एकदा मी पंडरीच्या कापडबाजारात अस्तर आणायला ऑटोत बसले आणि त्यानंतरचं मला आठवतं ते थेट तेलीबांध्याच्या तळ्याकाठचं बाकडं. उन्हं उतरलेली. मांडीवर पिशवी, पिशवीत अस्तर, रंगसुद्धा बरोबर जुळवून आणलेले. आणि वर मुर्रा लाडूंची पुडी. गुळातल्या मुरमुऱ्यांचे हे लाडू मला अजिबात आवडत नाहीत. पण पुडी फोडलेली होती आणि माझ्याच दाताला गूळ चिकटलेला होता.

अशा वेळी काय करायचं हे मी लहानपणापासून शिकले होते. आरडाओरडा करायचा नाही. आधी आजूबाजूला पाहायचं, उन्हावरून वेळ ताडायची, मोबाईलमध्ये वार बघायचा, कुणी काही विचारलं की ‘हो ना, तेच म्हणत होते मी’ असं म्हणून वेळ मारून न्यायची. माझ्याइतक्या सफाईनं ‘तेच म्हणत होते मी’ म्हणणारी बाई सगळ्या रायपुरात सापडणार नाही. दिवसभर असं वागून संध्याकाळी माझं अंग ठणकायचं.

कधी कधी मी पूर्ण जातही नसे. मागे कुठेतरी उभी असे. पुढे हात चालताना दिसत, आवाज भिंतीपलीकडून आल्यासारखे ऐकू येत, आणि ते हात माझे आहेत असं काही केल्या वाटत नसे. एका डॉक्टरांना मी हे सांगायचा प्रयत्न केला होता. त्यांनी टेन्शन घेऊ नका म्हणून झोपेची गोळी लिहून दिली. गोळीनं झोप छान लागली, बाकी काही नाही. तेव्हापासून मी सांगणंच सोडून दिलं.

तर अशी मी वनमालाकाकूंच्या दुकानात आले. समता कॉलनीत काकूंचं घर आहे, खालच्या मजल्यावर ब्लाऊज शिवायचं दुकान आणि वर एक खोली. काकूंचे यजमान रेल्वेत होते, ते गेले. मुलगा गौतम भिलाईच्या कारखान्यात नोकरीला आहे, तो सणावाराला येतो. काकू मूळच्या अमरावतीकडच्या, पण लग्न होऊन इथे आल्या त्याला इतकी वर्षं झाली की गिऱ्हाइकांशी हिंदी, भाजीवालीशी छत्तीसगढी आणि मला रागवायला वऱ्हाडी, असा त्यांचा कारभार. मी त्यांच्या नात्यातली नाही. शिलाईच्या कोर्सच्या बाईंनी माझं नाव सुचवलं आणि काकूंनी माझ्या हातची तुरपाई पाहून मला ठेवून घेतलं, वरची खोलीही दिली.

ती खोली म्हणजे माझ्यासाठी काय होती ते सांगायलाच हवं. हॉस्टेल सुटलं होतं, नोकरी सुटली होती, भाड्याच्या दोन ठिकाणांहून ‘तुमचं काही कळत नाही बाई’ म्हणून निरोप मिळाला होता. या खोलीखेरीज एकच दार उरलं होतं, मामाचं. आई गेल्यावर मी मामाच्या रेल्वे क्वार्टरमध्ये वाढले. मी जन्माची डावखोरी, मार खाऊन उजवी झालेली. डाव्या हातानं घास उचलला की मामाचा हात उठायचा. तो इतर कारणांनीही उठायचा आणि फक्त मारायलाच उठत नव्हता. त्यापुढचं मी इथे सांगणार नाही. जिथे सांगायचं तिथे सांगितलं आहे. एवढंच समजा की त्या दारात परत जाण्यापेक्षा मी स्टेशनवर झोपले असते.

दुकानात काकूंचा एकच कडक नियम होता. गिऱ्हाइकानं मापाला दिलेला ब्लाऊज दुकानाच्या बाहेर जाता कामा नये. या धंद्यात तेच भांडवल. कापड कुठेही मिळतं, शिलाईही कुठेही होते, पण एखाद्या बाईला अंगावर बेतून बसलेला मापाचा ब्लाऊज दुसऱ्या शिंपिणीच्या हाती लागला की ते गिऱ्हाईक गेलंच म्हणून समजा. त्यामुळे तुरपाई, हुक, काज, सगळं दुकानात बसूनच. बाहेर काम देणं म्हणजे काकूंच्या दृष्टीनं चोरीच.

आणि तोच आळ माझ्यावर आला.

झालं असं की पद्मिनी मॅडम म्हणून आमच्या एक जुन्या गिऱ्हाईक आहेत, कॉलेजात शिकवतात. त्या तक्रार करायला नाही, कौतुक करायला आल्या. या वेळची तुरपाई आणि काज म्हणजे काय सुंदर, असं म्हणून त्यांनी ब्लाऊज काकूंच्या पुढ्यात ठेवला. दुसरी कुणी असती तर खूश झाली असती. काकूंनी ब्लाऊज उलटा केला, चष्मा वर सरकवला आणि काठ बोटांतून फिरवला. मॅडम गेल्यावर त्यांनी मला हाक मारली.

“हा तुहा हात नोहे.”

“काय?”

“हे टाके पाह्य. इकडून तिकडं कललेले आहेत. तुहे तिकडून इकडं कलतात. ही बाई डावखोरी आहे, मले आंधळी समजतं का? कोन बाईले देऊन राहिली तू आपलं काम?”

मी ब्लाऊज हातात घेतला. काकूंचं खरंच होतं. टाके बारीक, एकसारखे, आणि माझ्या टाक्यांच्या अगदी उलट्या अंगाला झुकलेले. काजं तर अशी की मला तशी कधी जमली नाहीत. ते माझं नव्हतं. पण ते काम मी कुणालाही दिलेलं नव्हतं, आणि ते केव्हा झालं तेही मला माहीत नव्हतं.

“मी नाही दिलं बाहेर, काकू.”

“मंग हे कोनं केलं? भुतानं?”

मी नेहमीचं ‘तेच म्हणत होते मी’ शोधलं, पण ते इथे कुठे बसेना.

काकूंनी कपाट उघडलं, तयार झालेले बाकीचे ब्लाऊज एकेक करून उलटे केले. माझ्या हातच्या दर दोन-तीन ब्लाऊजांमागे एक डावा, आणि त्या डाव्यांच्या अस्तराच्या कडा जरा चेपलेल्या. त्यांचा चेहरा उतरत गेला. मला वाटतं, राग कमी आणि दुःख जास्त होतं. काकू मला आवडत होत्या आणि त्यांनाही मी आवडत होते, म्हणून तर ते दोघींना जड गेलं.

“देवश्री, मले खरं सांग. खरं सांगशीन तर काही नाही करत मी. खोटं बोलशीन तर वरची खोली खाली कर अन् चालली जा. खोटं बोलनारं मानूस मले घरात नाही पाह्यजे.”

आता बघा गंमत. जन्मभर खरं बोलून खोटारडी ठरलेली मी, त्या दुपारी पहिल्यांदा ठरवून खोटं बोलले. कारण कुणाला पटेल असं तेवढंच एक उत्तर शिल्लक होतं.

“हो काकू,” मी म्हणाले. “दिलं बाहेर. एक बाई आहे. चुकलं माझं.”

काकूंनी एक उसासा सोडला, खुर्चीत टेकल्या, आणि मग जे बोलल्या ते माझ्या स्वप्नातही आलं नव्हतं.

“मंग तिले घेऊन ये.”

“कोणाला?”

“त्या बाईले. काय हात आहे तिचा! असे काजं मी तर लग्नानंतर पाह्यलेच नाही. चोरून कायले करते ती? इथं बसून करू दे म्हना. सनासुदीचं काम अंगावर आलं आहे, मले मानसं पाह्यजेतच. सोमवारी आन तिले. नाही आनली तर समजीन, हे बी खोटंच होतं.”

मला हसावं की रडावं कळेना. नसलेली बाई कुठून आणू? रविवारी मी पंडरीपर्यंत जाऊन आले, एखादी डावखोरी शिवणारी भेटते का म्हणून. चार दुकानांत विचारलं. एकानं मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि म्हणाला, “दीदी, उल्टे हाथ वाली ही क्यों चाहिए?” परत आले आणि कपडे बॅगेत भरले. भरण्यासारखं फार नव्हतंच. कुठे जायचं ते ठरत नव्हतं, पण मामाकडे नाही एवढं ठरलं होतं.

सोमवारी एकटीच खाली उतरले. काकूंनी माझ्यामागे जिन्याकडे नजर टाकली, कुणी नाही पाहिल्यावर मान हलवली. “आज हे दोन नग पुरे कर,” एवढंच म्हणाल्या, “मंग पाहू.” दुपारी जेवणाच्या वेळी आम्ही शटर अर्धं ओढून घेतो. त्या कटिंगच्या टेबलापाशी उभ्या होत्या, मी समोर जमिनीवर तुरपाईला बसले होते. सुईत दोरा ओवलेला आठवतो. निळं कापड आठवतं. मग काही नाही.

पुढचं मी काकूंच्या तोंडून ऐकलं आहे. इतक्या वेळा ऐकलं आहे की आता पाहिल्यासारखं वाटतं, आणि दर वेळी त्या त्यात थोडी मीठमिरची घालतात तीही मला पाठ झाली आहे.

त्या म्हणतात, मी अंग चोरून भिंतीला टेकले. मान जरा कलली. मग सुई उजव्या हातातून डाव्या हातात गेली. सावकाश नाही, रोजचंच असावं अशी. आणि कापडाच्या दुसऱ्या टोकापासून टाके पडू लागले, बारीक, भराभर. काकूंच्या हातातली कात्री तशीच उघडी राहिली. ज्या बाईला त्या शोधत होत्या ती त्यांच्या समोर पाय पसरून बसली होती आणि ओठांच्या कोपऱ्यात जीभ धरून तुरपाई करत होती.

“देवश्री?” काकू म्हणाल्या.

त्या पोरीनं, हो, पोरगीच म्हणते मी, दचकून डावा हात पाठीमागे लपवला. “डेरी हाथ ले सिलत हंव,” ती म्हणाली. “मारबे झन.”

डाव्या हातानं शिवतेय, मारू नकोस. मला छत्तीसगढी बाजारापुरती येते, मोडकीतोडकी. हिची तर अस्सल होती, एखाद्या पाऱ्यातल्या, म्हणजे इथल्या वस्तीतल्या, मुलीसारखी. दुसरं कुणी ओरडत बाहेर पळालं असतं. पण काकू त्या काकूच. त्यांनी कात्री खाली ठेवली, जमिनीवर बैठक मारली आणि तिच्याच भाषेत विचारलं, “तोर का नाव हे?”

“नोनी.”

छत्तीसगढीत नोनी म्हणजे लहान मुलगी. ते काही नाव नव्हे. पण काकूंनी ते नाव म्हणूनच घेतलं.

“सिलई कोन सिखोए हे, नोनी?”

“सुकवारो दाई.”

हे नाव काकूंनी मला सांगितलं, तेव्हा ते मला ओळखीचं वाटलं. क्वार्टरांच्या मागे एक पारा होता. तिथे एक म्हातारी, सगळ्यांची दाई म्हणजे आई, जुन्या लुगड्यांच्या गोधड्या शिवायची. मला तिचा चेहरा आठवत नाही, फक्त तिच्या ओसरीतला शेणाचा आणि धुराचा वास आठवतो. तिथे डाव्या हाताला कुणी मारत नव्हतं, म्हणून नोनी बहुधा तिथेच राहून गेली. आणि खाऊ म्हणून मुर्रा लाडू मिळत असणार, दुसरं काय!

मग नोनीनं काकूंचा पदर धरला म्हणे. “मोला झन निकालबे, काकी.” मला घालवून देऊ नकोस. बॅग भरताना तिनं पाहिलं होतं. मी पाहत नसले तरी ती पाहत होती.

मी परत आले तेव्हा माझ्या हातात चहाचा कप होता. अर्धा प्यालेला, भरपूर साखर घातलेला. मी साखर घेत नाही. समोर काकू जमिनीवर बसल्या होत्या, त्यांच्या गुडघेदुखीत त्या जमिनीवर बसत नाहीत. मी घड्याळाकडे पाहिलं, कापडाकडे पाहिलं, तोंड उघडणार तेवढ्यात काकू म्हणाल्या, “राहू दे. आता ‘तेच म्हणत होते मी’ नको म्हनू.”

“काय झालं?”

“ती येऊन गेली. तू नाही आनली, तिची तीच आली.” त्यांनी निळा ब्लाऊज उलटा करून माझ्या मांडीवर ठेवला. “मह्या डोळ्यानं पाह्यलं. तू खोटं नाही बोलली, पोट्टे. तू बाहेर नाही देलं काम. घरातच होती ती.”

मी रडले. हमसून हमसून रडले. लोकांना वाटेल घाबरून रडले असेन. नाही हो. घाबरायचं तर माझं आधीच सगळं घाबरून झालं होतं. मला इतकं मोकळं वाटलं होतं की ते अंगात मावेना. पहिल्यांदा कुणीतरी डोळ्यांनी पाहिलं होतं आणि पाहून मलाच खोटं ठरवलं नव्हतं.

गौतमला फोनवर कळलं तेव्हा तो हिंदीत ओरडला, “मम्मी, पागल है वो, निकालो उसको.” शेजारच्या बाईंनी वेगळंच सुचवलं, गावाकडच्या बैगाला, मांत्रिकाला, दाखवा, झाडून देईल, अंगात कुणीतरी शिरलंय. काकूंनी दोघांनाही एकाच दमात उत्तर दिलं. “आपन बौद्ध लोक. बैगा-फैगा आपल्या घरी चालत नाही. अन् पागल तू, गौतम. दवाखाने कायले बांधून ठेवले आहेत?”

मनाच्या आजारांच्या डॉक्टर शर्मिष्ठा तेलीबांध्याला बसतात. काकू माझ्यासोबत आल्या आणि पिशवीत दोन ब्लाऊज घेऊन आल्या, एक माझ्या हातचा, एक नोनीच्या. मला लाज वाटत होती. पण डॉक्टरांनी ते दोन्ही नीट उलटून पाहिले, हसल्या नाहीत आणि लगेच काही निकालही दिला नाही. फिट्स येतात का ते तपासून घेतलं. मग अनेक भेटींत हळूहळू विचारत गेल्या. वेळ हरवते का, अनोळखी लोक नावानं हाक मारतात का, न घेतलेल्या वस्तू सापडतात का, आतून कुणी बोलल्यासारखं वाटतं का. प्रत्येक प्रश्नाला मी ‘हो’ म्हणत होते आणि प्रत्येक ‘हो’ला माझे खांदे एकेक बोट खाली येत होते. हे प्रश्न कुणीतरी आधीच बनवून ठेवलेत म्हणजे माझ्यासारखी माणसं जगात आहेत, हे मला तिथे कळलं.

शेवटी त्यांनी नाव सांगितलं, डिसोसिएटिव्ह आयडेंटिटी डिसऑर्डर. नाव लांबलचक आहे, पण त्यांनी समजावलं ते सोपं होतं. लहान मुलाला सोसवेल त्यापलीकडचं पुन्हा पुन्हा घडलं, आणि जवळ घ्यायला कुणी नसलं, तर मन ते सगळं एका जागी ठेवू शकत नाही. वेगवेगळ्या खोल्यांत ठेवतं आणि मधली दारं लावून घेतं. त्यामुळे मूल जगतं. पुढे मोठेपणी ती बंद दारं त्रास देतात. हे नाटक नाही, बाधा नाही, कुणी दुसरं शिरलेलं नाही. नोनीही मीच आहे, दार लावलेल्या खोलीतली. तिला हाकलायचं नाही, तिच्याशी ओळख करून घ्यायची. एका गोळीनं जाणारं हे नाही, वेळ लागेल, बोलत राहावं लागेल. आणखी कुणी असेल तर तेही कळेल, घाई नको.

“इनमें से असली कौन है?” काकूंनी मध्येच विचारलं. मला राग आला होता, पण डॉक्टर म्हणाल्या, दोघी. काकूंनी मान डोलावली. पुढचा प्रश्न तयारच होता. “फिर काज किसको दूँ?” त्यावर डॉक्टरांना पहिल्यांदा हसू आलं.

मलाही एक सांगू द्या. पिक्चरमध्ये दाखवतात तसं या आजारात कुणी चाकू घेऊन धावत सुटत नाही. माझ्या नोनीनं आजवर कुणाचं वाकडं केलं असेल तर ते तुरपाईच्या टाक्यांचं, आणि तेही गिऱ्हाइकांना आवडलं.

मग डॉक्टर गंभीर झाल्या. म्हणाल्या, उपचार सुरू करायचे तर आधी एक गोष्ट पक्की हवी, राहायची सुरक्षित जागा. जिथून आज ना उद्या काढून टाकतील अशी भीती नसेल. “वो है क्या?” त्यांनी विचारलं.

मी काकूंकडे पाहिलं. काकू खिडकीबाहेर पाहत होत्या. मी वाट पाहिली. त्या मांडीवरच्या पिशवीच्या घड्या घालत राहिल्या. “देखती हूँ,” मीच शेवटी म्हणाले आणि उठले. बॅग अजून भरलेलीच होती, खाटेखाली. आता कुणी खोटारडी म्हणून नाही, आजारी म्हणून काढतील, एवढाच काय तो फरक, असं मनात आलं. त्यांचं तरी काय चुकलं? दुकान चालवायचं, मुलगा ओरडणार, शेजारी बोलणार.

काकूंनी ऑटोवाल्याला घराचा पत्ता न सांगता पंडरी सांगितलं. तिथे उतरून त्या एका दुकानात शिरल्या, बाहेर आल्या, दुसऱ्यात शिरल्या. मला ओट्यावर बसवून ठेवलं होतं. आतून दुकानदाराचा आवाज येत होता, “अम्मा, कैंची तो कैंची होती है, उल्टी-सीधी क्या?” काकू त्याच्यावर खेकसल्या आणि तिसऱ्या दुकानात गेल्या. तिथल्या म्हाताऱ्या सेठनं शिडी लावली, वरच्या फळीवरून धुळीनं माखलेला एक डबा काढला आणि फुंकर मारली. कुणी मागतच नाही म्हणून पडून होती म्हणे. डावखोऱ्या हाताची शिंप्याची कात्री.

काकू ती घेऊन बाहेर आल्या तेव्हा घामाघूम झाल्या होत्या.

“काकू, हे काय?”

“तिची कैची. उजव्या कैचीनं कापड चेपते, कडा फाटते तिच्यानं. तिच्या कटिंगचे कोपरे पाह्यले नाही का तू? जलमभर उलट्या कैचीनं कापून राहिली बिचारी.”

“पण डॉक्टरांना तुम्ही काही बोलला नाहीत...”

“कसं बोलू? कैची भेटते का नाही ते माहीत नव्हतं मले. दोघींले ठेवतो म्हनून जबान द्यायची अन् एकीच्या हाताले अवजार नाही, हे काय ठेवनं झालं? आता भेटली. आता सांग तुह्या डॉक्टरनीले फोन करून, जागा पक्की आहे म्हना.” मग माझ्या तोंडाकडे पाहून म्हणाल्या, “काहून रडतं आता? चाल, अस्तर बी घेऊ, आलोच आहे तर.”

त्याला आता बरेच दिवस झाले. डॉक्टरांकडे जाणं चालू आहे. काही दिवस बरे, काही फार वाईट. मामाच्या घरातलं एकेक बाहेर येतं तेव्हा मला आठवडाभर अन्न जात नाही, हेही खरं आहे. वेळ अजूनही हरवते, पण मी आता लपवत नाही. उठून सरळ विचारते, “काकू, किती वेळ?” आणि काकू सांगतात, “चहाएवढा,” किंवा “दोन ब्लाऊजांएवढा.” कामाच्या टेबलावर भिंतीला दोन खिळे आहेत, दोन कात्र्या आहेत. गौतम आला होता, त्यानं दुसरी कात्री उचलून पाहिली, बोटांत बसेना म्हणून ठेवून दिली. जाताना मात्र मला “दीदी, चलता हूँ” म्हणाला.

मागच्या आठवड्यातली गोष्ट. मी भानावर आले ती कटिंगच्या टेबलापाशी. पुढ्यात कापलेलं कापड होतं. मी कड बोटांतून फिरवली, काकू फिरवतात तशी. स्वच्छ. एकही दोरा सुटलेला नाही, एकही कोपरा चेपलेला नाही. आणि टेबलाच्या लाकडावर, शिंप्याच्या खडूनं, मोठमोठ्या वेड्यावाकड्या अक्षरांत लिहिलं होतं, “मोर कैंची बने हे.” माझी कात्री छान आहे.

माझ्यासाठी कुणी काही लिहून ठेवलंय, आणि ते मीच, असं पहिल्यांदा होत होतं. मी खडू उचलला. इतकी वर्षं आम्ही एकाच घरात राहिलो आणि मी तिच्याशी एक शब्द बोलले नव्हते. काय लिहावं? मग मला तिची विनवणी आठवली, काकूंचा पदर धरून केलेली. माझी छत्तीसगढी कच्ची आहे, तरी खाली लिहिलं, “अब हमन ला कोनो नइ निकालय.”

आता आपल्याला कुणी घालवून देणार नाही. लिहून झालं आणि ते मलाही खरं वाटलं. वर जाऊन मी खाटेखालची बॅग ओढली आणि कपडे कपाटात लावले.

खाली आले तर काकू ओलं फडकं घेऊन टेबल पुसत होत्या. पुसत पुसत त्या अक्षरांपर्यंत आल्या, चष्मा वर केला, वाचलं, आणि तेवढा तुकडा सोडून पलीकडचं पुसायला लागल्या.

“पाह्यत काय उभी राहिली?” त्या म्हणाल्या. “दिवाळी आली डोक्यावर. तू हुक लाव, काजं तिच्यासाठी ठेव.”